बीगलबोनचा सातबारा: हार्डवेअरचे वर्णन कोडबाहेर नेताना काय घडले

प्रसंग

एप्रिल २०१३ मध्ये ‘बीगलबोन ब्लॅक’ हा तळहाताएवढा संगणक-बोर्ड ४५ डॉलरला बाजारात आला. त्याचा थोरला भाऊ, म्हणजे नुसता ‘बीगलबोन’, ऑक्टोबर २०११ पासून हौशी आणि व्यावसायिक मंडळींच्या हाती होता. दोन्ही बोर्डांवर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एएम३३५एक्स कुळातील चिप होती, दोन्हींच्या कडांना प्रत्येकी ४६ पिनांच्या ‘पी८’ आणि ‘पी९’ अशा त्याच दोन पट्ट्या होत्या, आणि एकासाठी तयार केलेली जोडपाटी, जिला या मंडळींत ‘केप’ म्हणतात, दुसऱ्यावर बसावी अशी अपेक्षा होती. बसतही होती. अडचण मात्र सॉफ्टवेअरमध्ये उद्भवली, कारण जुन्या बोर्डासोबत लिनक्स कर्नलची, म्हणजे त्या कार्यप्रणालीच्या गाभ्याची, ३.२ ही आवृत्ती येत असे आणि नव्यासोबत ३.८ ही आवृत्ती आली होती.

या चिपच्या बहुतेक पिना बहुरूपी आहेत, आणि एका पिनेला आठपर्यंत भूमिका देता येतात. उदाहरणार्थ, ‘पी९’ पट्टीवरील २४ क्रमांकाची पिन यूएआरटी१ या सिरियल पोर्टाची प्रेषण-वाहिनी होऊ शकते, वाहनांत वापरल्या जाणाऱ्या कॅन बसची ग्राहक-वाहिनी होऊ शकते, छोटी उपकरणे जोडणाऱ्या आय२सी बसची घड्याळ-रेषा होऊ शकते किंवा साधी आत-बाहेर करणारी पिनही राहू शकते. जुन्या कर्नलमध्ये ही भूमिका बदलणे सोपे होते, कारण डीबग फाइल-व्यवस्थेतील ‘ओमॅप_मक्स’ या निर्देशिकेत पिनेच्या नावाची फाइल असे आणि तिच्यात एक अंक लिहिला की काम होत असे. नव्या कर्नलमध्ये ती निर्देशिकाच उरली नव्हती. एका सिरियल पोर्टासाठी आता ‘डिव्हाइस ट्री’ नावाच्या, बहुतेकांनी कधी न पाहिलेल्या भाषेत एक तुकडा लिहायचा, तो कंपाइल करायचा, ठरावीक जागी ठेवायचा आणि मग कर्नलला तो उचलायला सांगायचे, असा चार पायऱ्यांचा खटाटोप करावा लागू लागला. जे काल एका ओळीत होत होते त्याला आज अर्धा दिवस का लागावा, हा वापरकर्त्यांचा सवाल रास्तच होता. बदल करणाऱ्यांची बाजूही तितकीच रास्त होती, पण ती समजून घेण्यासाठी दोन वर्षे मागे जावे लागते.

यंत्राला आपले अवयव कसे कळतात

मेजावरच्या पीसीमध्ये हा प्रश्न सहसा जाणवत नाही. तेथील बहुतेक उपकरणे पीसीआय किंवा यूएसबीसारख्या बसवर असतात, आणि या बसवर ‘तू कोण?’ असे विचारले असता उपकरण स्वतःच आपला उत्पादक-क्रमांक आणि उपकरण-क्रमांक सांगते. जे उरते त्याची यादी फर्मवेअर, म्हणजे यंत्रातच बसवलेला आरंभीचा प्रोग्राम, एसीपीआय नावाच्या तक्त्यांतून कार्यप्रणालीच्या हाती देते. एआरएम जगतातील छोट्या बोर्डांवर यांपैकी काहीच नव्हते. एआरएम ही कंपनी प्रक्रियक-गाभ्याचा आराखडा परवान्याने देते, आणि त्या गाभ्याभोवती टायमर, सिरियल पोर्ट, डिस्प्ले-नियंत्रक हे सारे प्रत्येक चिप-उत्पादक आपापल्या मर्जीने, आपापल्या पत्त्यांवर बसवतो. त्यापुढे बोर्ड तयार करणारा आय२सी आणि एसपीआय या तारांवर आणखी काही उपकरणे टांगतो. आय२सी वरचे उपकरण आपली ओळख सांगण्यास बांधील नसते. फार तर एखाद्या पत्त्यावर कोणीतरी आहे एवढेच कळते. तो तापमान-संवेदक आहे की वीज-व्यवस्थापक, हे बाहेरून कोणी सांगितल्याखेरीज उमगत नाही. आणि अंदाज बांधण्यासाठी चुकीच्या पत्त्यावर लिहून पाहणे धोक्याचे असते, कारण तेथे वीज-व्यवस्थापक बसला असेल तर प्रक्रियकाचे व्होल्टेजच बदलू शकते.

त्यामुळे एआरएम लिनक्सने फार पूर्वीच एक व्यवस्था लावून घेतली होती. प्रत्येक बोर्डाची नोंदवहीत नोंद होऊन त्याला एक यंत्र-क्रमांक मिळत असे, बूटलोडर, म्हणजे कर्नलला सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, तो क्रमांक प्रक्रियकाच्या ‘आर१’ या रजिस्टरमध्ये ठेवून कर्नलमध्ये उडी घेत असे, आणि कर्नल आपल्या यादीत तो क्रमांक शोधून त्या बोर्डासाठी लिहिलेली सी भाषेतील फाइल चालवीत असे. रास्पबेरी पायचा क्रमांक ३१३८ होता. त्यावरून ही वही किती जाड झाली होती याची कल्पना यावी. अशा बोर्ड-फाइलीत कोड म्हणावा असा भाग थोडाच असे. बाकी सगळ्या रचनाच असत: या पत्त्यावर सिरियल पोर्ट आहे, त्याची व्यत्यय-रेषा (प्रक्रियकाचे लक्ष वेधणारी तार) अमुक आहे, या आय२सी बसवर तमुक उपकरण आहे. म्हणजे सी भाषेची वेशभूषा केलेली ती एक यादीच होती, आणि यादीतील एक आकडा बदलण्यासाठी पूर्ण कर्नल पुन्हा कंपाइल करावा लागे.

पहिल्या बीगलबोनच्या ३.२ कर्नलमध्ये ही पद्धत कुठवर ताणली गेली होती हे पाहण्याजोगे आहे. उत्पादकाच्या मूल्यमापन-बोर्डासाठी लिहिलेल्या फाइलीतच बीगलबोनचीही सोय केलेली होती. बोर्डावरील ईईप्रॉम या छोट्या कायमस्वरूपी स्मृती-चिपमधून नाव वाचायचे, त्यावरून हा कोणता बोर्ड हे ठरवायचे, मग वर केप बसली आहे का ते पाहायचे, आणि केपच्या भाग-क्रमांकाशी जुळणारी शाखा त्याच फाइलीत असेल तर त्यानुसार पिना लावून उपकरणांची नोंदणी करायची, असा तिचा क्रम होता. चार इंची पडद्याची केप निघाली की एक शाखा, सात इंची पडद्याची निघाली की दुसरी. केप कोणीही तयार करावी हे तर या बोर्डाचे आकर्षण. पण तयार केलेली केप ओळखली जावी असे वाटत असेल तर कर्नलच्या सी फाइलीत आपली शाखा घालून घेण्यावाचून गत्यंतर नव्हते.

मार्च २०११

बीगलबोन बाजारात येण्यापूर्वी सात महिने लिनक्सचे जनक लिनस टॉर्वाल्ड्स यांचा संयम सुटला होता. कर्नलच्या २.६.३९ आवृत्तीसाठी बदल गोळा करण्याच्या काळात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या ‘ओमॅप’ कुळातील, म्हणजे ज्या कुळाच्या निर्देशिकेत पुढे बीगलबोनची चिपही नांदली त्याच कुळातील, बदलांची मागणी आली, आणि तिला उत्तर देताना त्यांनी एकंदर एआरएम प्रकरणाबद्दल छापण्याजोगा नसलेला त्रागा केला. शब्द सोडून आशय घेतला तर तक्रार अशी होती की प्रत्येक चिप-उत्पादकाची मंडळी आपापल्या कोपऱ्यात तेच ते पुन्हा लिहीत आहेत, एकमेकांच्या फाइलींवर पाय देत आहेत, आणि यातले बरेचसे कोड नसून नुसती माहिती आहे.

एआरएमची जबाबदारी तेव्हा प्रामुख्याने रसेल किंग यांच्यावर होती, आणि एका माणसाने डझनावारी उपकुळांच्या बोर्ड-फाइली तपासणे शक्यच नव्हते. मे २०११ मध्ये बुडापेस्ट येथे संबंधित मंडळी भेटली आणि चिप-कुळांचे बदल एकत्र करून पुढे पाठवणारी स्वतंत्र शाखा स्थापन करण्याचे ठरले. आर्न्ड बर्गमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती पुढे सांभाळली. ही झाली संघटनात्मक बाजू. तांत्रिक उत्तर मात्र तयारच होते, कारण ग्रँट लाइकली काही काळापासून एआरएमला डिव्हाइस ट्रीची जोड देण्याच्या खटपटीत होते. त्याचा पायाभूत भाग जुलै २०११ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीत दाखल झाला.

उसनी आणलेली भाषा

डिव्हाइस ट्री ही एआरएमसाठी नव्याने शोधलेली गोष्ट नव्हती. सन मायक्रोसिस्टिम्सच्या संगणकांत ‘ओपनबूट’ नावाचे फर्मवेअर होते. ते यंत्राचे वर्णन झाडाच्या रूपाने कार्यप्रणालीच्या हवाली करीत असे, आणि त्याचीच प्रमाणित आवृत्ती १९९४ मध्ये ‘ओपन फर्मवेअर’ म्हणून, आयईईई १२७५ या क्रमांकाने, मान्य झाली. अ‍ॅपलच्या पॉवरपीसी मॅकिंटॉशमध्येही तेच होते. साध्या एम्बेडेड बोर्डांवर एवढे भारी फर्मवेअर परवडणारे नव्हते, तेव्हा २००५ च्या सुमारास पॉवरपीसी लिनक्सच्या मंडळींनी एक युक्ती केली: फर्मवेअर नको, फक्त त्याने दिले असते ते झाड सपाट करून एका फाइलीत घालू आणि बूटलोडरकडून कर्नलला देऊ. ही फाइल म्हणजेच ‘डीटीबी’. तिचा पहिला शब्द षोडशमानात, म्हणजे ० ते ९ आणि ए ते एफ या सोळा चिन्हांत, असा निवडला आहे की तो ‘डूड फीड’ असा वाचता यावा. प्रणाली-प्रोग्रामरांचा विनोद एवढाच असतो. एआरएमने पूर्वी जेथे जुन्या पद्धतीच्या माहिती-यादीचा पत्ता ठेवला जाई त्याच ‘आर२’ रजिस्टरमध्ये या फाइलीचा पत्ता घेण्यास सुरुवात केली, आणि कर्नल तो शब्द पाहून समोर जुनी यादी आहे की नवे झाड हे ओळखू लागला. यंत्र-क्रमांकाकडे आता पाहण्याची गरज उरली नाही.

भाषा स्वतः अगदी साधी आहे. नोड असतो, नोडला गुणधर्म असतात, आणि नोडांच्या पोटात नोड असतात. एएम३३५एक्स चिपच्या फाइलीत पहिल्या सिरियल पोर्टाचा नोड ४४ई०९००० या षोडशमान पत्त्याच्या नावाने उभा आहे. त्यात ‘रेग’ हा गुणधर्म पत्ता आणि व्याप्ती सांगतो, ‘इंटरप्ट्स’ व्यत्यय-रेषा ७२ असल्याचे सांगतो, आणि ‘स्टेटस’ हा गुणधर्म ‘डिसेबल्ड’ असे सांगतो, कारण चिपमध्ये पोर्ट असला तरी तो बोर्डावर बाहेर काढलेला असेलच असे नाही; ते ठरवण्याचे काम बोर्डाच्या फाइलीचे, आणि ती तेथे ‘ओके’ लिहिते. सर्वांत महत्त्वाचा गुणधर्म ‘कम्पॅटिबल’. हे उपकरण कशाशी सुसंगत आहे हे तो सांगतो, आणि ड्रायव्हरकडील, म्हणजे उपकरण चालवणाऱ्या कर्नलमधील कोडकडील, यादीत तेच नाव सापडले की दोघांची गाठ पडते. बीगलबोनसाठी फाइलींची उतरंड रचली गेली: तळाशी चिपची फाइल, तिच्यावर दोन्ही भावंडांना समान असलेल्या गोष्टींची फाइल, आणि सर्वांत वर प्रत्येक बोर्डाची स्वतःची छोटी फाइल, जिच्यात ब्लॅकच्या बाबतीत एचडीएमआय (पडद्याची जोडणी) आणि ईएमएमसी (बोर्डावरची साठवण-चिप) एवढीच भर.

मराठी वाचकाला यातले मर्म सातबाऱ्याच्या उताऱ्यावरून चटकन कळावे. गाव नमुना ७ मध्ये जमीन आणि तिच्यावरचे हक्क नोंदलेले असतात, नमुना १२ मध्ये त्या हंगामात काय पिकले ते असते. दोन्ही एकाच कागदावर छापले जातात म्हणून ते एकच आहेत असे कोणी मानत नाही. डिव्हाइस ट्रीमागचा संकल्प असा होता की या फाइलीत फक्त सात असावा, म्हणजे यंत्र कसे आहे एवढेच. त्या यंत्रात कोणती कार्यप्रणाली काय पिकवणार आहे ही बारावी नोंद तीत येऊ नये. संकल्प उत्तम होता. बीगलबोनच्या बाबतीत तो दोन ठिकाणी अडखळला, आणि माझ्या मते या प्रकरणाचा अभ्यास करण्यासारखा भाग हाच आहे.

अर्धी नोंद तलाठ्याच्या खिशात

पहिली ठेच त्याच सिरियल पोर्टाच्या नोडमध्ये होती. वर सांगितलेल्या गुणधर्मांखेरीज त्यात ‘टीआय,एचडब्ल्यूमॉड्स’ नावाचा आणखी एक गुणधर्म होता आणि त्याचे मूल्य होते ‘यूएआरटी१’. चिपच्या पुस्तिकेत या पोर्टाला यूएआरटी० म्हणतात, नोडच्या लेबलातही यूएआरटी० असेच लिहिले होते, आणि तरी हा एक गुणधर्म मात्र त्याला यूएआरटी१ म्हणत होता. हे नाव हार्डवेअरचे नव्हतेच. ओमॅप कुळासाठी कर्नलमध्ये सी भाषेतील एक प्रचंड तक्ता होता, ज्यात प्रत्येक अंतर्गत घटकाचे घड्याळ कोणते, तो झोपी कसा जातो, त्याला पुन्हा सुरू कसे करायचे, हे नोंदलेले असे, आणि त्या तक्त्यात मोजणी एकपासून सुरू होत होती. ‘टीआय,एचडब्ल्यूमॉड्स’ म्हणजे त्या तक्त्यातील ओळीकडे दाखवलेले बोट.

परिणाम असा की वर्णन कोडबाहेर आल्यासारखे दिसले तरी अर्धेच आले होते. जमीन उताऱ्यावर, पण तिला पाणी कोणत्या पाटाने मिळते ही नोंद तलाठ्याच्या खिशातल्या चिठ्ठीवर. लिनक्सखेरीज अन्य कार्यप्रणालीने, समजा फ्रीबीएसडीने, ही फाइल वाचली तर तिला ‘यूएआरटी१’ या शब्दाचा काही उपयोग नव्हता, कारण ती चिठ्ठी तिच्याकडे नव्हती. आणि लिनक्सच्या आतही तो तक्ता काढून टाकायचा तर फाइल आणि कोड दोन्ही हलवावे लागणार होते.

असे का झाले याचे कारण दोष देण्याजोगे नाही. घड्याळांचे वर्णन झाडात करायचे तर कर्नलमध्ये घड्याळे हाताळण्याची सामायिक व्यवस्था हवी, आणि ती मे २०१२ च्या ३.४ आवृत्तीपर्यंत नव्हतीच. तोवर प्रत्येक चिप-कुळाची आपापली व्यवस्था होती. पिनांसाठीची सामायिक व्यवस्थाही त्याच सुमारास उभी राहत होती. वर्णन करण्याची भाषा आली, पण जे वर्णायचे त्या संकल्पनाच कर्नलमध्ये अजून सर्वांच्या मिळून अशा तयार झालेल्या नव्हत्या, तेव्हा ज्यांना बोर्ड चालू करून दाखवायचे होते त्यांनी हाताशी असलेल्या तक्त्याला दोरी बांधली. ती दोरी सोडवण्याचे काम टोनी लिंडग्रेन यांनी हाती घेतले. २०१७ च्या अखेरीस कर्नलमध्ये आलेल्या ‘टीआय-सिस्क’ या ड्रायव्हरमुळे प्रत्येक घटकाभोवतीचे आवरण, म्हणजे त्याची नियंत्रण-रजिस्टरे आणि झोपण्याच्या तऱ्हा, झाडातच लिहिता येऊ लागल्या, आणि मग एकेक घटक करीत जुना तक्ता रिकामा करण्यात पुढची तीन-चार वर्षे गेली. एका शब्दाची ही किंमत होती.

पिनांबाबत तडजोड वेगळ्या प्रकारची झाली. ओमॅप कुळासाठी वापरला गेलेला पिन-ड्रायव्हर इतका सामान्य ठेवला होता की झाडात केवळ रजिस्टरचे अंतर आणि त्यात लिहायचे मूल्य असे आकड्यांचे जोड येत. कोणत्या आकड्याचा अर्थ काय हे कळण्यासाठी हजारो पानांची पुस्तिका शेजारी उघडी ठेवावी लागे. फाइल हार्डवेअरशी प्रामाणिक होती यात शंका नाही, पण वाचणाऱ्या माणसाशी तिचे फारसे देणेघेणे नव्हते. २०१३ मधल्या वापरकर्त्यांचा वैताग बहुतांशी या आकड्यांवरच होता असे मला वाटते.

बदलत्या जमिनीचा उतारा

दुसरी ठेच केपांची. डिव्हाइस ट्रीची मूळ कल्पना अशी की यंत्र सुरू होताना झाड एकदा द्यायचे, आणि मग ते यंत्र बंद होईपर्यंत तसेच राहायचे. सनच्या किंवा अ‍ॅपलच्या संगणकात हे खपून जाई. बीगलबोनवर मात्र एकावर एक अशा चार केपा चढवता येतात, आणि चारांच्या असंख्य जोड्या होतात; प्रत्येक जोडीसाठी वेगळी डीटीबी तयार ठेवणे म्हणजे जुन्याच रोगाला नवे नाव देणे झाले असते.

केपांना ओळख होती. प्रत्येक केपवर आय२सी ईईप्रॉम बसवण्याचा दंडक होता. दोन स्विचांनी तिचा पत्ता षोडशमान ५४ ते ५७ यांपैकी एक ठरवता येई, आणि ती ‘पी९’ च्या १९ व २० या पिनांवरील बसवरून वाचता येई. तिच्यात ओळख पटवणारे आरंभीचे बाइट, बोर्डाचे नाव, उत्पादक, सोळा अक्षरांचा भाग-क्रमांक, आवृत्ती आणि ७४ पिनांपैकी कोणती कशासाठी वापरली आहे याचा तपशील असे, आणि हे सारे अडीचशे बाइटांच्या आत. पण ओळख म्हणजे वर्णन नव्हे. ‘मी सात इंची पडदा’ एवढे केप सांगू शकत होती. त्या पडद्याच्या आडव्या-उभ्या वेळा काय आणि स्पर्श-नियंत्रक कुठे जोडला आहे, हे नाही.

पँटेलिस अँटोनिऊ यांनी यावर जी योजना केली तिला ‘केप-मॅनेजर’ म्हणत. कर्नल सुरू होताना चारही पत्ते वाचायचे, भाग-क्रमांक आणि आवृत्ती जोडून फाइलीचे नाव तयार करायचे, त्या नावाचा कंपाइल केलेला तुकडा फर्मवेअरच्या निर्देशिकेतून उचलायचा आणि चालू झाडावर कलम करायचे. या तुकड्याला ‘ओव्हरले’ म्हणतात. कलम करताना खरी मेख नावांची असते. मूळ फाइलीत ‘यूएआरटी१’ हे लेबल मजकुरात असते, पण कंपाइल झाल्यावर लेबले नाहीशी होऊन उरतात फक्त आकडे, आणि मग बाहेरून आलेल्या तुकड्याला आपण कोणत्या फांदीवर बसायचे हे समजत नाही. म्हणून लेबलांची यादी झाडातच जपून ठेवणारा पर्याय कंपाइलरला द्यावा लागला, आणि तो मूळ कंपाइलरमध्ये स्वीकारला जाण्यास काही वर्षे लागली. तोवर बीगलबोनच्या मंडळींना पदरचा दुरुस्त कंपाइलर बाळगावा लागला.

आता ब्लॅकची स्थिती पाहा. या बोर्डावर एचडीएमआय-परिवर्तक आणि ईएमएमसी कायमचे बसवले होते, आणि दोघांनी ‘पी८’ पट्टीवरील बऱ्याच पिना अडवल्या होत्या: २७ ते ४६ या डिस्प्लेच्या, आणि ३ ते ६ व २० ते २५ या ईएमएमसीच्या. पहिल्या बोनवर विनातक्रार चालणारी पडद्याची केप ब्लॅकवर बसली की त्याच पिनांवर दोन दावेदार उभे राहत. केप-मॅनेजरने यावर एक चातुर्य केले. कायमचे बसवलेले एचडीएमआय आणि ईएमएमसी यांनाच त्याने आभासी केपा मानले आणि खऱ्या केपला अग्रक्रम दिला, त्यामुळे पडदा बसला की एचडीएमआयने आपोआप जागा सोडावी. सातबाऱ्याच्या भाषेत बोलायचे तर एकाच गटावर दोन कुळे दाखल असताना वहिवाट कोणाची हे ठरवणारा अधिकारी प्रथमच नेमला गेला. जुन्या ‘ओमॅप_मक्स’ मध्ये असा कोणी नव्हता. तेथे ज्याने शेवटी अंक लिहिला त्याची पिन, आणि आधीच्याला पत्ताही नसे. सोपेपणा गेला तो याच्या बदल्यात गेला.

तरीही केप-मॅनेजर मुख्य कर्नलमध्ये कधीच आला नाही. ओव्हरले कलम करण्याचे मूळ यंत्रतंत्र तेवढे फेब्रुवारी २०१५ च्या ३.१९ आवृत्तीत स्वीकारले गेले. चालू कर्नलच्या झाडावर कोणीही, केव्हाही फांदी जोडावी आणि तोडावी यातले धोके उघड होते: फांदी तोडताना तिच्यावर बसलेला ड्रायव्हर सुरक्षित उतरेल याची हमी बहुतेक ड्रायव्हरांनी दिलेलीच नव्हती. शिवाय फाइल-व्यवस्था जोडली जाण्यापूर्वी तुकडा आणायचा कुठून, हाही पेच होता. शेवटी बीगलबोनच्या वितरणांनी हे काम कर्नलकडून काढून यू-बूट या बूटलोडरकडे सोपवले. केपा तो वाचतो, कलमही तोच करतो, आणि कर्नलला मिळते ते पूर्ण, एकसंध झाड. रास्पबेरी पायने २०१५ मध्ये डिव्हाइस ट्री स्वीकारताना आरंभापासून हाच मार्ग धरला होता, आणि त्याच्या जोडपाट्यांच्या, म्हणजे ‘हॅट’च्या, नियमावलीत तर ओव्हरले थेट पाटीवरील ईईप्रॉममध्येच साठवण्याची सोय ठेवली होती. केप फक्त आपले नाव सांगे. हॅट स्वतःचा उतारा सोबत घेऊन येऊ शकते. दोन्हींमध्ये हॅटची कल्पना मला अधिक सरस वाटते, मात्र एका अटीवर: पाटीत भाजून टाकलेले वर्णन आठ-दहा वर्षांनी आलेल्या कर्नललाही कळले पाहिजे.

करार कोणाचा

आणि ही अटच सर्वांत वादग्रस्त ठरली. कोणत्या उपकरणाच्या नोडमध्ये कोणते गुणधर्म, कोणत्या अर्थाने यावेत याच्या लेखी ठरावाला ‘बाइंडिंग’ म्हणतात. वर्णन कर्नलच्या आत होते तोवर ते आणि ड्रायव्हर एकाच दमात बदलता येत. ते बाहेर गेल्यावर, निदान तत्त्वतः, जुनी डीटीबी आणि नवा कर्नल अशी जोडी चालली पाहिजे. पण २०११ ते २०१३ या घाईच्या काळात बाइंडिंगे शेकड्यांनी लिहिली गेली, आणि त्यांतली कित्येक ड्रायव्हरच्या तेव्हाच्या अंतर्गत रचनेची नक्कल होती. ‘टीआय,एचडब्ल्यूमॉड्स’ हे त्यांतले केवळ ठळक उदाहरण. ती कायमची गोठवायची तर चुका गोठवल्या जाणार, आणि बदलायची तर बाहेर गेलेल्या बोर्डांचे काय, असा तिढा पडला. २०१३ मध्ये बाइंडिंगे तपासण्यासाठी स्वतंत्र देखभालकर्त्यांची फळी नेमण्यात आली, आणि ऑक्टोबरमध्ये एडिंबरो येथील बैठकीत या स्थैर्याच्या प्रश्नावर बराच खल झाला. व्यवहारात मात्र झाडांच्या मूळ फाइली आजही कर्नलच्याच भांडारात राहतात, आणि बहुतेक वितरणे कर्नल व डीटीबी सोबतच बदलतात, त्यामुळे कराराची परीक्षा वाटते तितक्या वेळा होत नाही. पुढे रॉब हेरिंग यांच्या पुढाकाराने गद्यातले ठराव यंत्राला तपासता येतील अशा यामल या ठरावीक रचनेच्या मजकूर-स्वरूपात आणले जाऊ लागले, आणि चुकीचा गुणधर्म लिहिला तर तो कंपाइल करतानाच पकडला जाऊ लागला; माणसांच्या फळीपेक्षा याचा उपयोग अधिक झाला असे माझे मत आहे.

प्रश्न केवळ लिनक्सपुरताही राहिला नव्हता. यू-बूट याच फाइली स्वतःच्या ड्रायव्हरांसाठी वापरू लागला, फ्रीबीएसडीने लिनक्सच्या भांडारातून त्या उचलल्या, आणि २०१६ मध्ये आलेल्या झेफिर या छोट्या कार्यप्रणालीने तर भाषा तीच ठेवून पद्धत उलटी केली: काही दहा किलोबाइट स्मृती असलेल्या मायक्रोकंट्रोलरवर चालू असताना झाड वाचण्याची चैन परवडत नाही, म्हणून झेफिर ते कंपाइल करतानाच वाचते आणि त्यातून सी भाषेची शीर्ष-फाइल तयार करते. म्हणजे सी मधून बाहेर काढलेली यादी फिरून सी मध्येच आली, फरक इतकाच की आता तिचे मूळ एका जागी आहे.

२०११ च्या त्राग्यातले उद्दिष्ट बव्हंशी साध्य झाले. डिसेंबर २०१२ च्या ३.७ आवृत्तीपासून निरनिराळ्या उत्पादकांच्या एआरएम चिपांसाठी एकच कर्नल तयार करता येऊ लागला, त्याच आवृत्तीत आलेल्या ६४ बिटांच्या एआरएमने बोर्ड-फाइल हा प्रकार मुळातच नाकारला, आणि वापरात नसलेल्या जुन्या बोर्ड-फाइलींचा मोठा ढीग एप्रिल २०२३ च्या ६.३ आवृत्तीत हटवला गेला.

बीगलबोनच्या दोन्ही भावंडांना समान असलेली फाइल आजही उघडून पाहता येते. तीत बोर्डावरच्या चार दिव्यांचे चार नोड आहेत, आणि पहिला दिवा जीपीआयओ१ या साध्या आत-बाहेर पिनांच्या गटातील २१ व्या रेषेवर आहे असे तेथे लिहिले आहे. ही नोंद सातची. तिच्या खालच्याच ओळीत, हा दिवा हृदयाच्या ठोक्यासारखा लुकलुकावा, असे सांगणारा गुणधर्म आहे. ती इच्छा यंत्राची नसून कार्यप्रणालीची आहे, हे लिहिणाऱ्यांनाही ठाऊक होते, म्हणून त्यांनी त्या गुणधर्माच्या नावाआधी ‘लिनक्स’ आणि स्वल्पविराम घातला आहे.